टाचा पाहणारे उकंडराव

उकंडराव एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी वाकले, की तो माणूस बिचारा आशीर्वाद देऊन मोकळा व्हायचा. डोक्यावर हात ठेवायचा, "शंभर वर्सं जग बाप्पा" म्हणायचा. आणि हे गृहस्थ तेवढ्या वेळात त्याची टाच पाहून घेत असायचे. भेगांमध्ये मळ साचलाय का, घोटा स्वच्छ आहे का, बोटांच्या बेचक्यात ओल राहून कातडी पांढरी पडली आहे का. आशीर्वाद खिशात आणि तपासणी पूर्ण! मी त्यांना एकदा म्हटलं, "साहेब, ही शुद्ध फसवणूक आहे." ते म्हणाले, "फसवणूक कशी? नमस्कारही खरा असतो, सिंधूताई. वाकलोच आहे तर दोन्ही कामं होतात."

जिल्हा परिषदा नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. उकंडराव समाजकल्याणचे निरीक्षक होते आणि मी पंचायत समितीत ग्रामसेविका. जिल्ह्यातली वसतिगृहं, अनाथालयं, निराधारांची घरं यांच्या तक्रारी त्यांच्याकडे यायच्या. तक्रार बायकांच्या न्हाण्याधुण्याची असली की पुरुष निरीक्षक आत जाणार कसा? मग साहेबांचा माणूस यायचा, आणि मी माझी पिशवी उचलून निघायचे.

माणूस बुटका, सावळा, कोटाची एक गुंडी कायम तुटलेली. नावाला कोणी हसलं तर ते रागावत नसत. आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून ह्यांना जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवून आणलं होतं. "माझ्या आईनं मला जगवायला ठेवलेलं नाव आहे, मी कशाला लाजू?" असं ते म्हणत. स्वभाव मात्र भयंकर चिकट. एखादी गोष्ट खटकली की जेवताना खटकणार, चालताना खटकणार, आणि बरोबरच्याचं डोकं खाणार. मला ह्या चिकटपणाचा फार राग यायचा. माझं काम कसं, बघितलं, समजलं, उरकलं.

पण त्या चिकटपणामागे एक जखम होती. फार पूर्वी एका ठिकाणी त्यांनी गोड बोलणाऱ्या व्यवस्थापकावर विश्वास ठेवला होता. चहा घेतला, अंगण पाहिलं, शेरा दिला आणि परत आले. आत अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा होता. पाठीला जखमा होऊन तो पुढे काही दिवसांत गेला. तेव्हापासून उकंडरावांनी मनाशी पक्कं केलं होतं, की शंका आली तर थांबायचं नाही, लगेच तिथला माणूस बदलायचा.

त्या हिवाळ्यात नांदुऱ्याजवळच्या एका वृद्धांच्या घराची तक्रार आली. एका धर्मादाय संस्थेनं चालवलेलं साधं कौलारू घर होतं, मधे अंगण, मागे विहीर. संस्थेचे चिटणीस महिन्यातून एकदा यायचे. बाकी सगळं तानुबाई नावाच्या एका बाईवर होतं. रांधणं, न्हाऊ घालणं, नखं काढणं, रात्री कोणाला उठवून बाहेर नेणं, सगळंच. नवऱ्यानं टाकलेली बाई. ती त्याच घराच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायची. ती नोकरी गेली तर तिला जायला दुसरी जागा नव्हती.

तक्रार केली होती रामरावांनी. संग्रामपूरकडचे मोठे शेतकरी. त्यांची विधवा काकू झुंबरबाई ह्या घरात राहायची. रामराव कापसाच्या गाड्या घेऊन नांदुऱ्याला आले होते, फार दिवसांनी काकूला भेटायला डोकावले, आणि जे पाहिलं त्यानं त्यांचं डोकं फिरलं. काकू जमिनीवर निजलेली, केसांच्या जटा झालेल्या, ताटात बिनफोडणीचं वरण. आमच्या घरची बाई अशी ठेवता? त्या बाईला हाकला, नाहीतर मी वरपर्यंत जातो, असं त्यांनी कळवलं होतं. काकूला स्वतःच्या घरी का ठेवत नाही, हे काही त्यांनी कळवलं नव्हतं. असो.

आम्ही न कळवता गेलो. स्टेशनापासून चालत. रस्ताभर कापसाच्या गाड्यांची रांग आणि धुळीत उडणारे पुंजके. माझ्या केसांत कापूस, साहेबांच्या मिशीत कापूस.

आत पाऊल टाकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रामरावांनी लिहिलं होतं त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. बाजा पडवीत भिंतीला उभ्या लावून ठेवलेल्या, आणि म्हातारी माणसं जमिनीवर घोंगड्या टाकून बसलेली. पुरुषांच्या दाढ्या वाढलेल्या, पांढरे खुंट टोचतील असे. बायकांचे केस कोरडे, तांबूस, गुंतलेले. चुलीवर वरण शिजत होतं, त्यात तेलाचा थेंब नव्हता. आणि मुख्य म्हणजे सगळे गप्प. एरवी अशा घरात शिरलं की दहा तोंडांतून दहा गाऱ्हाणी येतात. इथे कोणी मान वर करायला तयार नाही.

उकंडराव आपल्या सवयीप्रमाणे एकेकाच्या पायाशी वाकत गेले. मी न्हाणीत गेले. न्हाणीचा दगड ओला होता. पाणी तापवायचा हंडा गरम होता. मी बायकांच्या पाठी पाहिल्या, कंबरा पाहिल्या. कोणाला जखम नाही, कोणाच्या लुगड्याला वास नाही. मी बाहेर आले तेव्हा साहेब अंगणात डोकं खाजवत उभे होते.

"टाचा स्वच्छ आहेत," ते म्हणाले.

"मग काय झालं?"

"टाचा स्वच्छ आणि डोकी अशी? जी बाई टाच घासते ती केसांना फणी का लावत नाही?"

"आपण येणार हे कळलं असेल," मी म्हणाले. "घाईघाईत पाय तेवढे धुतले."

त्यांना ते पटलं नव्हतं.

तानुबाईला बोलावलं. उंच, हाडकुळी बाई, पदर खोचलेला, हाताला राख. मी विचारलं, "बाजा असून माणसं खाली का निजतात?"

"त्याह्यलेच पुसा."

"डोक्याला तेल का नाही?"

"त्याह्यलेच पुसा ना बाई. मी काई सांगणार नाई."

ह्या उर्मटपणाला काय म्हणावं? मी तिला अंगणाबाहेर जायला सांगितलं, म्हणजे म्हातारी माणसं मोकळेपणानं बोलतील. ती गेली. तरी कोणी बोललं नाही. झुंबरबाई माझ्यासमोरच बसली होती, गोरी, बारीक, दात नसलेली. मी म्हटलं, "आजी, तुम्हाला कोणी मारतं का? घाबरू नका." तिनं नुसती नाही म्हणून मान हलवली आणि पदरानं डोळे पुसले. माझी खात्री झाली की ह्या बाईनं सगळ्यांना दहशतीत ठेवलंय.

परतताना साहेब वाटभर टाच-टाच करत होते. मी चिडून म्हटलं, "तुम्ही टाचेतून वर कधी येणार?"

"उद्या येऊ," ते म्हणाले. "उद्या न्हावी घेऊन जाऊ, तेलाची बाटली घेऊन जाऊ. आपल्या देखत सगळ्यांचं करून टाकू. मग बघू."

दुसऱ्या दिवशी न्हावी, वाटी, वस्तरा, तेलाची बाटली अशी आमची वरात निघाली. मला वाटलं होतं, म्हातारे खूश होतील. दाढी खाजते हो म्हाताऱ्या माणसाला. पण न्हाव्यानं पेटी उघडल्याबरोबर अर्जुनराव नावाचे एक आजोबा दोन्ही हातांनी गाल झाकून भिंतीला चिकटले.

"वस्तरा लागू देणार नाई!"

"अहो, फुकट आहे," न्हावी म्हणाला.

"फुकट असो नाईतर सोन्याचा असो. आज नाई म्हणजे नाई."

न्हावी दुसऱ्याकडे वळला, त्यानंही तोंड फिरवलं. तिसरा उठून विहिरीकडे चालता झाला. इकडे मी झुंबरबाईच्या मागे बसले आणि तळहातावर तेल घेतलं. ते तिच्या टाळूला लागणार तोच तिनं माझं मनगट धरलं. एवढ्याशा म्हातारीच्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे!

"नको माय. हात जोडतो तुले."

आणि ती हमसून हमसून रडायला लागली. तेल माझ्या लुगड्यावर सांडलं. दारात तानुबाई उभी होती, ती हे सगळं पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नव्हती.

उकंडराव कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. पण त्यांचा चेहरा पाहून मला कळलं, की त्यांना तो पाठीला जखमा झालेला म्हातारा आठवतोय. ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "ऐका. तुमाले सांगाले भेव वाटते, हे मले समजलं. आता घाबरायचं काम नाई. ह्या तानुबाईले मी आजच्या आज काढतो. उद्या दुसरी बाई येईन. तुमचं सारं नीट होईन."

मग झुंबरबाई जमिनीला हात टेकून उभी राहायला लागली. तिला जमेना, तेव्हा तानुबाईच धावून आली आणि काखेत हात घालून तिनं तिला उठवलं. झुंबरबाई तिच्याच आधारानं उभी राहून साहेबांवर ओरडली.

"तिले काऊन काढता? तिनं काय केलं? आमी सुतक धरलं!"

साहेब बघतच राहिले. "कोणी धरलं?"

"आमी साऱ्यायनं."

"साऱ्यांनी? एकाच घरचे आहात का तुम्ही? कोणी कुणबी, कोणी माळी, कोणी कुठल्या गावचं..."

"म्हून त कोणाले सांगता येत नवतं," अर्जुनराव भिंतीपासून म्हणाले. हात अजून गालांवरच होते.

जमिनीवर निजणं, तेल-फणी बंद, दाढी बंद, कढई बंद. आमच्या डोळ्यांसमोर सुतकाचं सगळं लक्षण मांडून ठेवलं होतं, आणि आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. येणार तरी कसं? सुतक भाऊबंदांचं असतं. रक्ताचं नातं असावं लागतं. एकमेकांशी काडीचं नातं नसलेली माणसं मिळून सुतक धरतात, हे आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकदा बांध फुटल्यावर काय, सगळेच बोलायला लागले.

गेली होती भिमाबाई. ह्याच घरात राहायची. बौद्ध होती, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली, सकाळी उठून वंदना म्हणणारी, आणि कोणाचंही ऐकून न घेणारी. ती आली तेव्हा इथल्या बायकांनी तिचा माठ वेगळा ठेवला होता. त्यात सर्वांत पुढे झुंबरबाईच होती, हे तिनं स्वतःच सांगितलं. भिमाबाईनं भांडण केलं नाही, असं नाही. रोज केलं. पण एका पावसाळ्यात झुंबरबाईला हगवण लागली. तानुबाई तापानं फणफणलेली, उठू शकत नव्हती. ज्या बायका माठ वेगळा ठेवायला पुढे होत्या, त्या घाण काढायच्या वेळी नाकाला पदर लावून पडवीत जाऊन बसल्या. तेव्हा भिमाबाईनं तिचं सगळं केलं. धुतलं, पुसलं, लुगडी बदलली, चमच्यानं पेज पाजली. आणि वर म्हणाली, "आता तुहा माठ फोडू का माहा?"

झुंबरबाईनं अंथरुणावरूनच दुसऱ्या कोणाला सांगून आपला माठ फोडून घेतला. तेव्हापासून त्या दोघींची जोडी जमली ती जमलीच. एकीच्या अंगाला दुसरीनं तेल लावायचं, एकीची फणी दुसरीनं करायची.

त्या थंडीत भिमाबाईच्या छातीत कफ झाला आणि ती गेली. तिच्या समाजाच्या माणसांनी येऊन त्यांच्या रीतीनं सगळं नीट केलं. आणि त्या दिवशी कोणी कोणाला काही न सांगता ह्या म्हाताऱ्यांनी बाजा उभ्या केल्या.

"पण ती तर हे सगळं मानत नव्हती," मी म्हणाले. "बौद्धांत कुठं आलं सुतक?"

"नवतीच मानत!" झुंबरबाई रडता रडता हसली. "पाह्यलं असतं त काठी घेऊन धावली असती. मले म्हणली व्हती, झुंबरे, माह्यामागं हे खूळ करू नोको. पण हे तिचं कुठं हाय? हे आमचं हाय. आमाले दुसरं काय येते?"

आता सगळं जुळत गेलं. हे गावी कळलं तर भावकीत काय होईल, ह्याची प्रत्येकाला धास्ती होती, म्हणून तोंडं शिवलेली. तानुबाईला त्यांनी शपथ घातली होती. तिनं ती पाळली, नोकरी जायची वेळ आली तरी पाळली. फक्त एका गोष्टीत तिनं कोणाचं ऐकलं नव्हतं. सुतकात थंड पाण्यानं न्हायचं असा म्हाताऱ्यांचा आग्रह होता, तेव्हा ती म्हणाली होती, "ह्या हिवाळ्यात थंड पाणी घेसान त दुसरं सुतक धरा लागन." पाणी तिनं रोज तापवलं आणि टाचा रोज घासल्या.

उकंडराव तिच्यासमोर गेले. मला वाटलं, काही साहेबी बोलतील. त्यांनी हात जोडले. "बाई, चुकलो. मी तुम्हाला घालवत होतो."

तानुबाईचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा हलला. ती म्हणाली, "तुमी पुसाले आले, सायेब. ह्याह्यले पुसाले येते तरी कोण?" आणि घाईनं चुलीकडे निघून गेली, वरण लागलं होतं म्हणे.

मला एवढं हलकं वाटलं की सांगता येत नाही. न्हावी बिचारा पेटी मिटून म्हणाला, "मंग दहाव्याले येऊ का?" तर सगळे एकदम म्हणाले, "हाव, या!"

पण तानुबाईवरचं संकट अजून टळलं नव्हतं. रामरावांना काय सांगायचं? तक्रारदाराला उत्तर समोरासमोर द्यायचं, हा साहेबांचा नेम. त्यांनी रामरावांना दहाव्या दिवशी बोलावणं धाडलं. आणि म्हाताऱ्यांना शब्द दिला, की कोणाचं सुतक हे माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. "पण खोटंही मी बोलणार नाही," असंही सांगितलं. मी मनात म्हटलं, झालं! आता हा माणूस दोन्ही दगडांवर पाय ठेवून नदीत पडणार.

दहाव्याला सकाळी न्हाव्यानं रांगेनं सगळ्यांच्या दाढ्या केल्या. अर्जुनराव दाढीनंतर दहा वर्षांनी लहान दिसायला लागले आणि त्यांना ते ठाऊकही होतं, कारण ते न्हाव्याचा आरसा परत देईनात. मी आणि तानुबाईनं बायकांची डोकी धुतली, उन्हात सुकवली, तेल लावून विंचरली. बाजा आत गेल्या. कढईत भजी पडली. मला ते घर एखाद्या लग्नघरासारखं वाटायला लागलं.

रामराव आले ते घोंगावतच. पांढरं धोतर, कडक टोपी, मागे गडी. त्यांनी चकचकीत डोकी पाहिली, गुळगुळीत गाल पाहिले, बाजा पाहिल्या. आणि हसले.

"वा सायेब! तपासणी लागली म्हून सारं सजवलं का? चार रोजापूर्वी मी ह्याच डोयानं पाह्यलं. मले येडं समजता का? ही बाई गेलीच पाह्यजे."

खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "रामराव, तुम्ही जे पाहिलं ते खरं होतं. त्याला कारण होतं. पण ते कारण सांगायचा अधिकार माझा नाही."

"मंग कोणाचा?"

तानुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. रामराव टोपी सरळ करत म्हणाले, "ठीक हाय. मी वर जातो."

"रामा," झुंबरबाई बाजेवरून म्हणाली. "सुतक व्हतं. म्हून तेल नवतं."

रामराव थबकले. "कोणाचं सुतक, काकू?"

"माह्या बहिणीचं."

आणि मग जे झालं ते मी अजूनही डोळ्यांसमोर आणू शकते. रामरावांचा सगळा ताव उतरला. "तुमची बहीण गेली? कवा? अन् आमाले निरोप नाई?" त्यांनी टोपी काढली. माणूस तापट होता, पण रीतीला पक्का होता. काकूच्या माहेरचं का असेना, मरण कानावर आलं म्हणजे अंगावर पाणी घ्यायलाच हवं. त्यांनी सदरा काढून गड्याकडे दिला आणि ते तडक विहिरीकडे गेले. त्या कडाक्याच्या थंडीत त्यांनी स्वतः बादली शेंदली आणि अंगावर ओतली. पहिल्या बादलीला त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून अर्जुनरावांनी तोंडात उपरणं कोंबलं. मी साहेबांकडे बघायचं टाळत होते. बघितलं असतं तर फुटलेच असते.

रामराव कुडकुडत परत आले. केसांतून पाणी गळत होतं. तानुबाईनं पंचा पुढे केला.

झुंबरबाई बाजेवर सरळ बसली. आता कोणी हसत नव्हतं. "रामा, बहीण म्हणली ते खोटं नाई. पण नाव आयकून घे. भिमाबाई. इथंच राहे. बौद्ध व्हती."

रामरावांचा पंचा डोक्यावरच राहिला. त्यांच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती.

"आंघोळीच्या आंधी काऊन नाई सांगितलं?" ते शेवटी म्हणाले.

"आंधी सांगितलं असतं त केली असती का?"

त्यांनी विहिरीकडे पाहिलं, आपल्या ओल्या धोतराकडे पाहिलं. डोक्यावर घेतलेलं पाणी काही परत बादलीत जात नाही, हे त्यांना कळलं असावं. मग ते काकूच्या बाजेजवळ खाली जमिनीवर बसले, आणि आपल्याकडे मयताच्या घरी जाऊन जो प्रश्न विचारतात तो त्यांनी विचारला.

"कशानं गेली?"

झुंबरबाईचा बांध फुटला. कफ कसा झाला, शेकलं कसं, मांडीवर डोकं कसं होतं, सगळं ती सांगत गेली आणि रामराव "हं, हं" करत ऐकत गेले. मधेच त्यांनी साहेबांकडे न पाहता हात हलवला. "ते तक्रारीचं राहू द्या. बाई राहू द्या." तानुबाई चुलीशी होती. तिनं कढईत भजी सोडली आणि पदरानं डोळे पुसले. धूर झालाय म्हणाली. धूर वगैरे काही नव्हता.

मी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की शेजारची म्हातारी दचकली. उकंडराव तर ओसरीच्या खांबाला टेकून चक्क डोळे मिटून उभे होते. नंतर म्हणाले, "सिंधूताई, त्या दिवशी हिला काढून मी समाधानानं झोपलो असतो हो." एवढंच.

निघताना रामरावांनी काकूला विचारलं. मनापासून विचारलं, हे मला सांगितलंच पाहिजे. "काकू, घरी चाला. मागची खोली रिकामी हाय. तुमचं कोण हाय इथं?"

झुंबरबाईनं त्यांचे ओले केस आपल्या पदरानं पुसले. म्हणाली, "मी मेली त तू सुतक धरशीन रे. नाई धरलं त भावकी तुले जगू देणार नाई. हे लोक धरतीन, अन् कोणाले कळू नये म्हून लपून धरतीन." मग तिनं त्यांच्या हातात भज्यांची ताटली दिली. "खा. थंडीचं भिजला."

रामराव तिथंच बसून खायला लागले. झुंबरबाई बाजेवर कलंडली आणि तिनं पाय पसरले. उकंडराव निरोप घ्यायला तिच्या पायाशी वाकले. मी सवयीनं त्यांच्या नजरेकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.